बदलीची लेक

टेम्पोच्या काचेवर दव होतं, आणि दोघी मायलेकी माल चढवत होत्या. शेवटच्या गावाचा माल आधी, पहिल्या गावाचा सगळ्यात मागे. साबणाच्या पेट्या एका अंगाला, चहाच्या दुसऱ्या, मधे पिठाच्या गोण्यांची भिंत. चहाचं मन भोळं. शेजारी बसेल त्याचा वास लावून घेतो. धाकटी पेट्या वर देत होती, आई टेम्पोत रचत होती, आणि बाप कपातला चहा फुंकत मधूनमधून "हळू, हळू" म्हणत होता. त्याचा हॉर्न दोन गावं ओलांडून ऐकू जाई, म्हणून दुकानदार त्याला भोंगा म्हणत.

"आई, हळू म्हणायचा पगार मिळतो का गं बाबांना?"

"मिळतो तर. माझ्या कमरेतून कापून."

माल पोचवणाऱ्या या घरांत एक रीत होती. कच्च्या रस्त्याच्या टोकाचा दुकानदार कंपनी ओळखत नाही, तोंड ओळखतो. म्हणून ठरलेल्या गावांची लाईन हीच इस्टेट, आणि लाईन जायची ती लेकीबरोबर. थोरलीबरोबर खालची गावं गेली होती. वरची धाकटीसाठी राखली होती. थोरली 'वाईट निघाली', तर धाकटी तिच्या जागी, उरलेल्या लाईनसकट. फुटका माल बदलून देतात, तसं. याला कोणी जुलूम म्हणत नसे. शब्द पाळणं म्हणत. आई स्वतः अशीच या घरात आली होती, टेम्पोच्या टपावरून पडून मेलेल्या बहिणीच्या जागी.

पेट्या अर्ध्या चढल्या होत्या, तेव्हा जावयाचा टेम्पो दारात येऊन थांबला. त्यानं मागचा फाळका पाडला आणि चहाच्या पेट्या अंगणात भिरकावल्या. पेट्यांच्या मागे थोरली बसली होती. उजवा हात गोणपाटाच्या पट्टीत, बोटं जांभळी, सुजून एकमेकींना चिकटलेली.

चहा साबणाला लावू नका, असं तिनं त्याला सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही. दुकानादुकानांतून माल परत आला. एका म्हाताऱ्या दुकानदारानं तर विचारलं, की हा चहा प्यायचा की त्यानं अंघोळ करायची. सगळे हसले. त्या हसण्याचं उट्टं निर्जन रस्त्यावर निघालं. नवऱ्यानं तिचा हात टेम्पोच्या कडेवर दाबून धरला आणि वर फाळका आपटला. ती ओरडायची थांबेपर्यंत आपटला.

आता तो बाजेवर बसून पाणी प्याला. आवाज चढवायची त्याला गरज नव्हती.

"मामा, हिच्याच्यानं आता काम होणार नाही. धाकटीला पाठवा. वरच्या लाईनसकट. रीत तुम्हाला मी शिकवायची नाही."

बापानं थोरलीच्या हाताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. नाही म्हटलं तर उद्यापासून गोदामात कोणी माल भरू देणार नाही, असं काहीसं तो पुटपुटला. मग धाकटीला म्हणाला, की सध्या दोन कपडे घे, बाकीचं मागून बघू.

आईनं खिशातून टेम्पोची किल्ली काढली आणि धाकटीच्या मुठीत दिली. गाडी चालू कर, एवढंच म्हणाली.

जावई उठला, तो जॅकचा दांडा घेऊनच. मधे येऊ नका म्हणाला, आणि आई हलली नाही तेव्हा पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. ती गुडघ्यावर आली. फाळका धरून उठली. दुसरा कानशिलावर. रक्त डोळ्यात उतरलं, गालावरून हनुवटीला आलं. ती जावयाशी बोललीच नाही. नवऱ्याशी बोलली.

"माझी ताई टपावरून पडली नव्हती. तुम्ही ढकललंत तिला. मी खाली उभी होते. लहान होते म्हणून गप्प बसले, आणि मग तुमच्याच घरात नांदायला येऊन गप्प बसले. माझ्या गप्प बसण्यापायी ही माझी लेक मोडली. दुसरी देणार नाही."

बापाचा हात जुन्या सवयीनं वर गेला. टेम्पोतून उतरून आलेल्या थोरलीनं तो डाव्या हातानं मनगटात पकडला.

"बाबा, हात खाली. हाड कसं मोडतं ते मला आता माहीत आहे."

हात खाली आला. इंजिन धडधडलं. आई बाजूला सरली, आणि धाकटीनं टेम्पो मागे घेतला तो सरळ जावयाच्या अंगावर. त्यानं गटारात उडी टाकली, दांडा चाकाखाली वाकला. आई आणि थोरली पुढे चढल्या.

दवाखान्यात ना, धाकटीनं विचारलं.

"आधी चौकी," आई म्हणाली. "हाड बसवलं की मोडलेलं कुणाला दिसत नाही." मग थोरलीकडे वळून, "कळ सोसशील?"

"सोसतेच आहे की. आज कामाची सोसते."

चौकी खालच्या गावात होती. वाटेत दुकानदार हात करत होते. याच दुकानांच्या फळ्यांपाशी थोरलीचा काळानिळा डोळा साऱ्यांनी पाहिला होता, आणि पेट्या उतरवून घेतल्या होत्या. चहावरून हसलेल्या म्हाताऱ्याच्या दुकानापुढे तिनं गाडी थांबवायला सांगितली. त्यानं सवयीनं विचारलं, आज काय काय आणलंय.

तिनं काचेतून सुजलेला हात बाहेर धरला.

"माल नाही, काका. तुम्ही इतके दिवस जे बघत होता, ते चौकीत सांगायला चला."

म्हाताऱ्यानं तराजूचं पारडं उगाच पुसलं. "दुकानात गिऱ्हाईक आहे गं पोरी."

"उभं राहील गिऱ्हाईक," ती म्हणाली. आईनं रक्ताळलेल्या हातानं दार उघडलं, आणि बाकावर सरकून त्याच्यापुरती जागा केली.