मिठाच्या पाण्याची बादली

आक्का सेल जोडायची निकेलची पट्टी घेऊन बाजारातून दुकानात परतली, तेव्हा धाकटा भाऊ तिच्याच खुर्चीत पाय पसरून बसला होता. चेहरा असा, जणू गड जिंकून आलाय.

"आक्का, तुझं आठवड्याचं काम मी अर्ध्या दिवसात उरकलं. सगळे सेल भरून एकसारखे केलेत. आता फक्त जोड."

आक्का पट्टी टाकून सेलांकडे धावली.

सेल अंड्यांच्या ट्रेमध्ये उभे होते. भंगारातल्या विजेच्या स्कूटरांच्या बॅटऱ्या फोडून तिनं ते एकेक करून सोडवले होते, धाकट्याला बॅटरी बांधून द्यायला. धाकट्याच्या स्कूटरची बॅटरी मेली, तेव्हा कंपनी म्हणाली, दुरुस्ती होत नाही, नवी घ्या. म्हणायला कंपनीचं काय जातं! आत गोंद असा ओततात, की एक सेल बिघडला तरी माणसानं अख्खा डबा फेकावा. आणि ज्यांची पार्सलं तो पोचवायचा, त्यांनी बजावलं होतं, उद्या सकाळी गाडी रस्त्यावर नसेल तर यादीतून तुझं नाव काढलं. जात्याचे दोन दगड आणि मध्ये हा दाणा.

जुने सेल आक्का आधी चार्जरवर पूर्ण भरायची आणि मग आठवडाभर नुसते ठेवून द्यायची. चांगला सेल आहे तसा राहतो. आतून सडलेला बसल्या जागी खंगत जातो. परवाच तिला तसा एक सापडला होता. पण एखादा थोडा उतरून सावरतोही, म्हणून खूण करायची ती शेवटच्या दिवशीच. तोवर ट्रेमधली त्याची जागा तेवढी डोक्यात.

"सगळे बाहेर काढलेस?"

"मग? फुंकर मारून भरू?"

"आणि परत ठेवताना?"

"हाताला येतील तसे ठेवले. अंडी आहेत का ती, कोंबडी ओळखायला येईल?"

तिनं मीटर घेतला. एकेक सेल तपासला. सगळे सारखे. सडका सज्जनांत बेमालूम मिसळला होता.

"यातला एक बाद आहे. कोणता, ते आता कळायचं नाही. परत आठवडाभर ठेवायला लागतील."

"एकानं काय आभाळ कोसळतंय?"

"एकटा असता तर मुकाट मेला असता. चांगल्यांच्या शेजारी जोडला की ते त्याला आपली वीज पाजत राहतात. वरून सगळं आलबेल. आणि एक दिवस चार्जिंगला लावल्यावर पेटतो. तू चार्जिंग कुठं लावतोस?"

धाकट्याच्या खोलीला एकच दार. प्लग दाराशीच. आत बायको आणि पोरगी झोपायच्या. खिडकीला गज.

"मी दाराशी झोपतो. लक्ष ठेवीन."

"तू? तुला उठवायला ढोल बडवावा लागतो."

"तुझं काय जातंय गं!" तो ओरडला. "काम माझं जाणार. पोरीला खायला काय घालू, तुझं शहाणपण? नाक्यावरचा मेकॅनिक एक शब्द न विचारता जोडून देतो." त्यानं ट्रे उचलला. "बहीण आहेस की वैरीण?"

नाक्यावरचा खरंच जोडून देतो. रात्री त्या एका दाराच्या खोलीत झोपायला तो मेकॅनिक थोडाच जाणार आहे?

आक्कानं हात पुढे केले. "आण इकडे. मीच जोडते."

तो खुलला. लहानपणापासून तिच्यावर त्याचा असाच विश्वास. ट्रे त्यानं तिच्या हातात दिला.

मागच्या उघड्यावर मिठाच्या पाण्याची बादली असायची, फुगलेले, चेपलेले सेल मारायला. आक्कानं अख्खा ट्रे तिच्यात उपडा केला.

पाण्यात बारीक बुडबुडे सुटले. थोड्या वेळानं पाण्याला गंजाचा रंग चढू लागला. धाकटा पायरीवर बसून बघत राहिला.

"बाकीचे तरी चांगले होते."

"होते. चांगले होते."

"फसवलंस तू मला."

"हो."

रडता येत नव्हतं म्हणून की काय, त्यानं बादलीला लाथ घालायला पाय उचलला, आणि तसाच खाली ठेवला. मग उठून स्कूटर ढकलू लागला. बॅटरी नसल्यानं ती हलकी झाली होती.

दाराशी तो थांबला. "पोरगी विचारेल, आत्यानं गाडी नीट केली का. काय सांगू?"

"सांग, आत्यानं मोडली."

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. आक्का बादलीपाशी उभी राहिली, बुडबुडे थांबेपर्यंत.