बारा चाकांसाठी तुटलेला

मी एक टेस्ट बार बोलतोय. स्टेनलेस स्टीलचा, बोटभर जाडीचा आणि आता दोन तुकड्यांत असलेला.

२००३ साली उचगावच्या कडेला हंबीररावांच्या फौंड्रीत माझा जन्म झाला. ज्या रसातून पंपाची बारा चाकं ओतली, त्याच रसातून मी आणि माझा भाऊ ओतले गेलो. चाकं पाण्यात फिरण्यासाठी, आम्ही तुटण्यासाठी. चाक तोडून बघता येत नाही ना! म्हणून चाकांबरोबर आम्ही भट्टीत बसायचं, त्यांच्याइतकीच आच सोसायची आणि मग यंत्रावर ताणून घ्यायचं. आम्ही नीट तुटलो तर चाकं पास.

भट्टी आकाराम सांभाळायचा. दारापाशी आच कमी लागते, म्हणून तो आम्हाला चाकांच्या मधोमध ठेवायचा. म्हणायचा, "कडंला ठेवलं की ही पोरं खोटं बोलत्यात."

आधीची खेप मऊ निघून परत आली होती. हंबीरराव चिडलेले होते.

"ह्या खेपेला हार्डनेस पायजे. परत आलं, तर भट्टीवर दुसरा माणूस बसवतो."

तापवून तेलात बुडवलं की आमचं पोलाद फार कडक होतं, पण ठिसूळही. मग पुन्हा बेताची आच देऊन तो ताठा थोडा उतरवावा लागतो. आकाराम साडेसहाशे अंश म्हणत होता. हंबीररावांनी स्वतःच्या हातानं काटा पाचशेवर ठेवला.

"मालक, कडक ऱ्हाईल, पर ताण सोसायचं न्हाय. वाळल्या भाकरीगत मोडंल."

"तू भाकरी खा. काट्याचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी हार्डनेस उत्तम आला. हंबीररावांनी लगेच पेढे मागवले.

"मालक, ताणून बघायच्या आधीच पेढं?"

"खा की गप!"

दुपारी प्रयोगशाळेत माझा भाऊ जेमतेम ताणला गेला आणि कट्‌कन तुटला. तुटलेलं तोंड साखरेसारखं चमकत होतं. निरोप आला तेव्हा पेढ्यांचा पुडा अजून टेबलावरच होता. हंबीररावांनी तो मिटून बाजूला सारला. मग म्हणाले, "तुझं काय ते कर."

चाकांबरोबर मी पुन्हा भट्टीत गेलो. या वेळी साडेसहाशे. निवल्यावर लेथवर माझी कंबर बारीक केली. आकारामनं मला खिशात घालून सायकलवरून प्रयोगशाळेत नेलं. यंत्रावर द्यायच्या आधी त्यानं मला सदऱ्याला पुसलं.

"तुटायचं तर हायच बाबा. पर जरा ताणून धर."

मी धरलं. यंत्र ओढत होतं, माझी कंबर बारीक होत होती, मी लांबत होतो. चाकांचा विचार करत होतो असं म्हणणं खोटं होईल; मी आकारामच्या नोकरीचा विचार करत होतो. शेवटी तुटलो. ताणबळ भरलं, लांबणंही भरलं. हार्डनेस थोडा उतरला होता, पण हवा तेवढा होता. बारा चाकं पास झाली. आकाराम भट्टीवर राहिला.

हंबीररावांनी माझे तुकडे आपल्या खणात ठेवले. आकारामला मात्र काही म्हणाले नाहीत. पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, "मालक, किती ठेवू?" हंबीरराव कागदातून मान वर न काढता म्हणाले, "तुला ठावं हाय की." त्यांच्याकडून एवढंच यायचं. आकारामला ते पुरायचं, असं मला वाटतं. खात्री नाही.

२००८ साली आकाराम गेला. हृदयाचं दुखणं, दोन दिवसांत सगळं आटोपलं. बाराव्या दिवशी हंबीरराव मला घेऊन त्याच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोच्या, चिमणाबाईच्या, तळहातावर मला ठेवलं.

"वैनी, ह्ये आकारामचं."

"काय म्हणायचं ह्येला, मालक?"

"त्यो सांगत हुता, मी ऐकलं न्हवतं. त्याचं खरं हुतं. पाच वर्सं सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

चिमणाबाईनं मूठ मिटली.

"मला सांगून काय उपेग? त्यास्नी सांगायचं हुतं की."

 मग ती उठली आणि तिनं हंबीररावांसाठी चहा ठेवला.

आता मी तिच्या खिडकीत असतो. रोज सकाळी ती मला उचलते, खालची धूळ पुसते आणि परत ठेवते. माझा आता काही उपयोग नाही. तशी तक्रारही नाही. एक मागणं आहे. तुमच्या घरात, कामावर, कुणाचं म्हणणं खरं निघालं तर ते त्याला त्याच दिवशी सांगा. त्याच्या माणसांना नंतर सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही.