पोत घालणार नाही

ठाकूरद्वारच्या त्या बिऱ्हाडात सकाळची घाई चालली होती. मनमोहनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला जायचं होतं आणि त्याच्या विधवा बहिणीला, सुमतीला, दादरच्या एका खासगी प्रसूतिगृहात मिडवाइफच्या जागेसाठी मुलाखतीला. वहिनीनं, लतिकानं, आपली काळी पोत तिच्यापुढे धरली.

"वन्सं, एवढी घालाच. बाळंतिणीच्या खोलीत विधवेला कोण घेणार हो?"

"आणि परीक्षेत नापास झाल्याचं काढू नकोस," मनमोहन म्हणाला. "मधली वर्षं आजारी होते म्हण."

वा रे बहाद्दर! रस्त्यावर 'झालाच पाहिजे' म्हणून घसा फोडायचा नि घरात बहिणीला गप्प बसवायचं! सुमतीनं पोत फडताळावर ठेवली आणि चपला घातल्या. ही नोकरी मिळाली नाही तर भाऊ तिला केळव्याला सासरी पोचवणार होता, आणि तिथं उरलेला जन्म चुलीपुढे जायचा. भीती होतीच. नाही कशाला म्हणा?

प्रसूतिगृहाचे विश्वस्त चिंतामणराव आणि डॉक्टर मीनाक्षीबाई समोर बसले होते. चिंतामणरावांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"लग्नानंतरची चार वर्षं कोरीच दिसतात."

"कोरी कशी? यजमानांना क्षय होता. ताप मोजायचा, भांडी उकळायची, चिडलेल्या माणसाला गोड बोलून चार घास भरवायचे. ते वारले, पण शुश्रूषा मी तिथंच शिकले."

"आणि मिडवाइफच्या परीक्षेत एकदा नापास?"

"हो. माझं स्वतःचं मूल पायाळू होतं. आपल्यात तशी रीत नाही म्हणून सासूबाईंनी इस्पितळात नेऊ दिलं नाही. मूल गेलं. परीक्षेत बाहुलीवर नेमकं पायाळू बाळंतपण करून दाखवायला सांगितलं आणि माझे हात गळाले." तिनं आपलं प्रमाणपत्र पुढं सरकवलं. "मग वर्षभर, शिकत होते त्या इस्पितळात पायाळू मूल आलं की मी मेट्रनबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहायची. भीती मोडेपर्यंत. दुसऱ्या खेपेला पहिल्या वर्गात पास झाले. शेवटी शेवटी तसं बाळंतपण असलं की तिथं मलाच हाक मारायचे."

"अशीच बाई हवी आपल्याला!" मीनाक्षीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

चिंतामणरावही खूश झाले. जागा तुमचीच, म्हणाले. मग घसा खाकरून हळूच पुढं बोलले, "फक्त एक करा. कामावर असताना कुंकू लावा, एखादी पोत घाला. लोकांच्या मनाला बरं वाटतं."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं कसलं? रीत आहे."

"या रितीनंच माझं मूल नेलं, साहेब! मी पोत घालणार नाही. कुणी विचारलं तर सांगेन, विधवा आहे आणि काम येतं."

"मग आमचा नाइलाज आहे."

मीनाक्षीबाई खाली मान घालून कागद सारखे करू लागल्या. सुमतीनं आपलं प्रमाणपत्र उचललं.

घरी मनमोहननं कपाळावर हात मारला. "चालून आलेली नोकरी घालवलीस! आता केळव्याला चल."

"केळव्याला तू जा, दादा. मी उद्या परळला दुसरी मुलाखत द्यायला जातेय. तिथंही सगळं सांगणार. नापास झाले तेही, विधवा आहे तेही."

वाचकहो, परळला काय झालं ते विचारू नका. तुमच्या घरी सून अडली असेल आणि दारात सुमती उभी राहील, तेव्हा तिचे हात बघाल की गळा, तेवढं ठरवून ठेवा.