वीस मिनिटांचं कार्ड

पुसदच्या बसस्टँडमागे इंद्रजीतचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान होतं. शूटिंग कोणीही करो, मिक्सिंग मात्र इंद्रजीतकडेच, असं आजूबाजूच्या खेड्यांत आणि बंजारा तांड्यांत ठरूनच गेलेलं. नवरीच्या मागे गुलाब उडवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. असा हा हुशार माणूस नागपूरच्या एका दुकानात उभा राहून सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड मागत होता, आणि दुकानदारच त्याला नको म्हणत होता.

"भाऊ, लग्नाच्या मिक्सिंगले हे कायले पाह्यजे? हे मधलं न्या. निम्म्याहून कमी किमतीत येते. तुमचं मोठ्यात मोठं काम तासाभरात काढते."

"आन् हे महागाचं?"

"चाळीस मिनिटात. फरक वीस मिनिटांचा. तेवढ्यासाठी कोणी एवढे पैसे घालते काय?"

"तेच वीस मिनिटं पाह्यजेत मले," इंद्रजीत म्हणाला.

दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक डोक्याने जरा सरकलेलं आहे. त्याला काय माहीत!

गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत इंद्रजीतचा जुना कॉम्प्युटर एका लग्नाचं काम सकाळपासून दळत बसला होता. नवरदेवाकडची माणसं दुकानात खुर्च्या अडवून बसलेली. तेवढ्यात तांड्यावरून वडिलांचा, गुलाबसिंगचा, फोन आला. "तुह्या याडीच्या छातीत दुखून राह्यलं. गाडी घेऊन ये लवकर." याडी म्हणजे आई. घरात गाडी एकच, आणि ती दुकानासमोर उभी. तांड्यातल्या बाकीच्या गाड्या एका वरातीसोबत गेलेल्या. इंद्रजीतने पडद्याकडे पाहिलं. काम नव्वद टक्के झालं होतं. मागे कोणी नसताना लाइट गेली असती, तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. "निघालोच, बा," असं तो म्हणाला आणि बसून राहिला. तो तांड्यावर पोचला तेव्हा त्याच्या आईला, चंदाबाईला, जाऊन वीस मिनिटं झाली होती.

त्या दिवसापासून त्याने सगळा दोष कॉम्प्युटरला दिला. ते सोपं असतं. कॉम्प्युटर उलटून बोलत नाही.

कार्डासाठी पैसा आला तो चंदाबाईच्या चांदीतून. पायातली जाड कडी, गळ्यातली हसली आणि घुगरी-टोपली, म्हणजे लग्न झालेल्या बाईने नवरा असेपर्यंत केसांत मिरवायचे ते चांदीचे झुबके. चंदाबाई ते शेवटच्या दिवसापर्यंत लेवून होती. गुलाबसिंगने ते येणाऱ्या सुनेसाठी पेटीत जपून ठेवले होते. चांदीचा भाव यंदा आभाळाला टेकलेला.

"कायले पाह्यजे तुले?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बा, याडीचा तो होळीचा व्हिडिओ हाये ना, लेंगी नाचतानाचा? लय धुरकट हाये. या कार्डावर साफ होते तो. समोर उभी राह्यल्यासारखी दिसन याडी."

"चेहरा दिसन?"

"एकदम साफ दिसन."

घरात चंदाबाईचा फोटो म्हणजे रेशन कार्डावरचा तेवढा, त्यात ती कोणीही वाटली असती. म्हाताऱ्याने कनवटीची किल्ली काढून दिली. पुसदच्या सराफाने आठवड्याच्या आत सगळी चांदी गाळून टाकली.

कार्ड आलं आणि चाळीस मिनिटं म्हणजे चाळीसच मिनिटं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. पण लवकर काम होतं म्हटल्यावर दिग्रसपासून उमरखेडपर्यंतची लग्नं येऊन पडू लागली आणि इंद्रजीत पूर्वीपेक्षा उशिरा घरी जाऊ लागला. आईच्या व्हिडिओला हात लागला तो तिचं वर्ष भरायच्या आदल्या दिवशी.

चार मिनिटांचा व्हिडिओ, त्यानेच कधीकाळी जुन्या हँडीकॅमवर काढलेला. कार्डाने तो बघता बघता उजळून दिला. तिच्या अंगातल्या कांचळीवरची एकेक काच चमकू लागली, घुगरीचा एकेक घुंगरू मोजता यावा इतका साफ. इंद्रजीतला रडू आलं. त्याने काचा पाहिल्या, घुंगरू पाहिले. चेहरा डोळे पुसत पुसत पाहिला. दारात गिऱ्हाईक उभं होतं, डिस्क भरत आली होती. त्याने साफ केलेला व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेतला आणि दिवसभरातल्या तीन लग्नांच्या जुन्या फायलींसोबत तोही धुरकट व्हिडिओ कायमचा उडवून टाकला. काम झालं की मूळचं उडवायचं, ही बारा वर्षांची सवय. हाताने डोक्याला विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने घरच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. गुलाबसिंग खाटेवरून उठून पार टीव्हीला नाक टेकेल इतका जवळ गेला.

"ही कोण व्हय?" त्याने विचारलं.

"बा, याडी हाये ना."

"हिचं गोंदण कुठं हाये?" म्हाताऱ्याने पडद्यावरच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "इथं तीन टिपके होते. लग्नात घुंगटाखालून मले तेवढेच दिसलते. तिच्या मायनं गोंदवलते."

इंद्रजीतने पाहिलं. हनुवटी कोरी होती. नाकाजवळचा टिपकाही नव्हता. गाल तुळतुळीत, नाचणाऱ्या नवरीचे असावेत तसे.

"मशीनले डाग वाटले असतीन, बा. म्हणून पुसून टाकले."

"मंग जुना लाव. धुरकट चालन मले."

इंद्रजीतने रिमोट उचलला आणि परत खाली ठेवला.

"लाव ना."

"उडवला, बा. काम झालं का उडवतोच आम्ही. जागा होते."

म्हातारा खाटेवर येऊन बसला. ओरडला नाही, शिवीही दिली नाही. पोराने ते सोसलं असतं.

"याडी गेली तवा त लोकं बसून होते तुह्या दुकानात," तो म्हणाला. "काल कायची घाई होती?"

टीव्हीवर व्हिडिओ संपला, आणि ती बाई पुन्हा पहिल्यापासून नाचायला लागली.