फाटक उघडणारी

"पुन्हा काढ," थेल्मा म्हणाली. "काटे उलटे झाले."

क्लॅरीनं कागदावर आणखी एक गोल काढला, बारा आकडे भरले आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवली. त्या दिवशीचं हे एकतिसावं घड्याळ. भिंतीवरच्या खऱ्या घड्याळात चार वाजले होते.

"आता सांग, किती वाजले?"

"अकरा दहा!" क्लॅरी छाती काढून म्हणाला.

"शाब्बास," म्हणत तिनं त्याच्यापुढं टोस्टवर सार्डिन मासे ठेवले. कुत्र्याला कसरत शिकवतानाही असंच करतात.

मी, या नवराबायकोचा शेजारी, पत्ते पिसत बसलो होतो. पंचाहत्तरी उलटली की आमच्याकडे गाडीच्या परवान्यासाठी दरवर्षी डॉक्टरचा दाखला लागतो, आणि डॉक्टर घड्याळ काढायला लावतात. दाखला हुकला की क्लॅरीचं स्टेअरिंग गेलं. गाव एकशेचाळीस किलोमीटरवर, आणि थेल्माला गाडी येत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं ती पाण्याच्या टाकीत घातली होती. त्यानंतर क्लॅरीनं किल्लीला हात लावू दिला नाही. परवाना गेला तर मुलगा मेंढ्या विकून दोघांना किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात टाकणार होता. "तिथं समुद्र आहे, आई." "समुद्र काय चाटायचाय मला?"

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी यादी दिली होती. रोज चालावं, मासे खावेत, रम सोडावी, रक्तदाब सांभाळावा, कानातलं यंत्र काढू नये, माणसांत मिसळावं, काहीतरी नवीन शिकावं. "यानं विसरभोळेपणाचा धोका कमी होऊ शकतो, पण हमी नाही." थेल्माला पहिलं अर्धंच वाक्य ऐकू आलं. यंत्र क्लॅरीच्या कानात होतं ना!

तिनं रम मोरीत ओतली. मोरीतले बेडूक तीन दिवस गात होते. नवीन म्हणून क्लॅरीला माऊथऑर्गन धरायला लावला. कावळे जिल्हा सोडून गेले. माणूस म्हणाल तर तीस किलोमीटरच्या आत मी एकटा, म्हणून दर गुरुवारी मी पत्त्यांत हरायला जायचो. आणि रोज पहाटे क्लॅरीनं घरापासून फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, आठ किलोमीटर. थेल्मा व्हरांड्यात दुर्बीण लावून बसायची. तो दम घ्यायला टेकला की थाळी बडवायची.

"तूही जात जा की त्याच्याबरोबर," मी म्हणालो.

"माझं डोकं ठीक आहे. मला कशाला पायपीट?"

दाखल्याच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारली, तेव्हा थेल्माला खोकला आला. मोजून सतरा वेळा. घड्याळ मात्र क्लॅरीनं असं काढलं की बाईंनी ते हातात धरून खिडकीच्या उजेडात पाहिलं. सही झाली.

पुढचं मला थेल्मानंच सांगितलं, पत्ते वाटता वाटता.

परतताना फाटकापाशी पिकअप थांबली. चालवणाऱ्यानं चालवायचं, शेजारच्यानं उतरून फाटक उघडायचं, लावायचं, मग परत बसायचं, ही आमच्याकडची रीत. चोपन्न वर्षं फाटक थेल्माच उघडत आली. तिनं उघडलं, गाडी आत गेली.

गाडी थांबलीच नाही.

धुरळा खाली बसेपर्यंत ती बघत राहिली. मग आधी फाटक लावलं, कारण मेंढ्या बाहेर जातात. आणि त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, डॉक्टरकडे जायच्या उंच टाचांच्या बुटांत, चार किलोमीटर चालत निघाली. टेकली तर थाळी बडवायला कुणी नव्हतं.

अंगणात पिकअप सुरूच होती. क्लॅरी स्टेअरिंगवर बसला होता. तिला पाहून त्यानं काच खाली केली आणि टोपी उचलली. तिच्यासाठी त्यानं कधी टोपी उचलली नव्हती.

"नमस्कार, बाई. चालत आलात? चांगली सवय आहे. डोकं शाबूत राहतं."

"क्लॅरी, मेल्या..."

"मी जरा घाईत आहे. बायको फाटकापाशी राहिलीय, तिला आणायला निघालोय. उशीर झाला की फार तोंड सोडते."

थेल्मानं पुढच्या दाराला हात घातला.

"तिथं नको, बाई," तो अदबीनं म्हणाला. "मागं बसा. ही जागा फाटक उघडणारीची आहे."

तिनं दारावरचा हात काढला. मग बूट काढून हातात घेतले आणि मागच्या हौद्यात चढली. तिथं बसलेलं त्यांचं कुत्रं जरा सरकलं.

फाटकापाशी कुणीच नव्हतं. क्लॅरी हॉर्न वाजवत राहिला, मान वळवून चारी बाजूंना बघत राहिला. बऱ्याच वेळानं थेल्मा अनवाणीच खाली उतरली आणि तिनं फाटक उघडलं.