ठकीच्या हातानं बंद पडणारा लॅपटॉप

भिवंडीजवळ टेमघरला भाड्याच्या खोलीत राहून ठकी एका संस्थेत नोकरी करत होती. डोंगरपाड्यांवरच्या माणसांचे जबाब टाइप करायचे, कोणता तुकडा कोण कधीपासून कसतंय ते वनहक्काच्या दाव्यासाठी कागदावर आणायचं, हे तिचं काम. वीसेक जबाब बिनबोभाट झाले. मग तिच्या बापाचा, सावळ्याचा, जबाब आला आणि तिथं घोडं अडलं.

त्यांचा पाडा अंबाडीच्या पुढं. रविवारी ती अंगणात खाटेवर लॅपटॉप घेऊन बसली. सावळ्या सांगू लागला. तीन ओळी झाल्या आणि पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा काळा. चार वेळा सावळ्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.

"त्याला माझं बोलनं पटत न्हाय वाटतं," तो म्हणाला.

"बॅटरीचं असंल, बा."

पण बॅटरी भरलेली होती. सोमवारी ऑफिसात कुणालसरांनी त्याच लॅपटॉपवर दोन पानं टाइप केली, काही झालं नाही. ते उठले, ठकी त्याच खुर्चीत बसली, आणि पाच मिनिटांत सगळं गुडूप.

नाक्यावर कल्पेशचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं लॅपटॉप उघडला तर पंख्यात आसपासच्या पॉवरलूममधून उडणाऱ्या कापसाची वातच वळलेली. "सापडलं, ताई! गरम होऊन बंद पडत असणार." पंखा साफ करून त्यानं दोन तास चालवून दाखवला. ठकी खुशीत खोलीवर आली. चौथ्या ओळीला पडदा काळा.

आता तिला काही सुचेना. कुणी म्हणालं व्होल्टेज, कुणी म्हणालं अंगातला करंट. तिनं हात धुऊन कोरडे केले, पायात चपला घातल्या, लॅपटॉपखाली लाकडी पाट ठेवला. एकदा पाव तास चालला. पाटाचाच गुण म्हणून ती हरखली, तोच बंद. सगळ्यांच्या हातानं चालतो आणि आपल्याच हातानं मरतो, हे काय गौडबंगाल? ती बटणं घाबरत घाबरत दाबू लागली.

गुरुवारी सकाळच्या बसनं सावळ्या भिवंडीला आला. "तिकडं होत न्हाय तर हितं घे जबाब," म्हणाला. ठकी त्याला घेऊनच कल्पेशकडं गेली.

कल्पेशनं टाइप केलं, चाललं. सावळ्यानं एका बोटानं बटण दाबून धरलं, पडदाभर एकच अक्षर उमटत गेलं, तरी चाललं. ठकी बसली. काळा.

"आयला, खरंच की!" कल्पेशनं डोकं खाजवलं आणि पुन्हा खालचं झाकण खोललं. बारके स्क्रू टेबलावर पडले होते. एक घरंगळला म्हणून ठकीनं डावा हात पुढं केला, तर तो टुणकन उडून तिच्या कड्याला चिकटला.

कल्पेश बघतच राहिला. "ताई, हे कडं कसलं?"

"चुंबकाचं. टाइप करून मनगट दुखत होतं, म्हणून बानं मागच्या आठवड्यात वज्रेश्वरीहून आणलं."

"मग झालं तर! लॅपटॉप मिटला की त्याला कळावं म्हणून वरच्या झाकणात चुंबक असतं, आणि इथं, डाव्या मनगटाखाली, ते ओळखणारा सेन्सर. तुमचं कडं जवळ आलं की त्याला वाटतं, झाकण लावलं. आणि सेटिंग असं करून ठेवलंय की झाकण लावलं की सरळ बंद."

ठकीला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिनं बापाकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"म्हंजे म्याच बंद पाडला व्हय?"

"न्हाय बा, तुला काय ठावं."

कल्पेशनं स्क्रू लावून लॅपटॉप चालू केला. सावळ्यानं कडं मागून घेतलं आणि हळूच जवळ नेलं. काळा. पुन्हा चालू करवला, पुन्हा नेलं. तिसऱ्यांदा त्याला हसू फुटलं.

"काका, बस करा, खरंच बिघडेल!"

"बरं, हाताला गुण तरी आला का ग?"

ठकीनं मनगट वळवून पाहिलं. "कळत न्हाय, बा. कधी आल्यासारका वाटतो, कधी न्हाय."

मोकळ्या हातानं ती तिथंच दुकानात जबाब लिहू लागली. तीन ओळी झाल्या, चार झाल्या, पाच झाल्या. सावळ्या बोलत राहिला. "झाडोरा तोडला तवा म्या एकटा नव्हतो. तुझी आय होती, सीताबाय. तू पोटात होतीस. दगड तिनं येचलं, बांध तिनं घातला."

ठकीची बोटं थांबली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. "हे आधी कदी सांगितलं न्हाईस?"

"तितवर तो कदी चाललाच न्हाय," सावळ्या लॅपटॉपकडं बघत म्हणाला. "तिचं नाव चालतं का ग कागदात?"

ठकीला ते नक्की ठाऊक नव्हतं. "चालतं," ती म्हणाली आणि नाव टाइप केलं.

कल्पेशनं प्रिंट काढून दिली. सावळ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद उजेडाकडं धरला, उलटसुलट पाहिला.

"कुठं हाय ती?"

ठकीनं नावावर बोट ठेवलं.