सौदामिनीबाईंचा मफलर

वर्गात सगळ्यांची नावं कशी सुटसुटीत, हाक मारायला सोपी. माझंच मेलं सौदामिनी! अर्थ म्हणे वीज. मैत्रिणी मला ‘सौदा’ म्हणतात, आणि वर कुणी ‘केवढ्याला पडला?’ विचारलं की माझं डोकंच फिरतं. अठरा पूर्ण झाली तशी मी आईला सांगून टाकलं, "मी नाव बदलणार."

"बदल की," आई म्हणाली. "पण ज्यांच्यावरून ठेवलं, त्या डॉक्टरीणबाईंना आधी विचारून ये."

ती गोष्ट मला तोंडपाठ होती. दवाखान्यात निघालेली आई लिफ्टमध्ये एकटीच अडकली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे, आणि मी तिथेच जन्मले. लिफ्टचा मेकॅनिक दाराच्या फटीतून ओरडत होता, "घाबरू नका ताई, डॉक्टर सौदामिनीबाई माझ्या शेजारीच उभ्या आहेत. त्या सांगतात तसं करा." दार उघडलं तोवर बाई दुसऱ्या पेशंटकडे धावल्या होत्या. आईने त्यांचं तोंडही पाहिलं नाही, पण नाव मला दिलं. आता त्यांच्यासाठी एक मफलर विणून तिने माझ्या हातात ठेवला.

मग काय, मेकॅनिककाकांना गाठलं. एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारच्या खोलीत ते वंगण लावत बसले होते. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, "कुठे राहतात हो त्या बाई?"

काकांनी हातातला डबा माझ्यापुढे केला. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘सौदामिनी वंगण’.

"ही घे तुझी डॉक्टरीण," काका म्हणाले. "अगं, आमच्या कामातला पहिला धडा हाच. आत अडकलेल्या माणसाला एकटं वाटू द्यायचं नाही, बोलत राहायचं. पण तुझ्या आईचा एकच धोशा, डॉक्टर बोलवा, डॉक्टर बोलवा. फोन कधीचा केलेला, पण कुणाचा पत्ता नाही. हातात असाच डबा होता. म्हटलं, आल्या!"

"आणि त्या सांगत होत्या ते?"

"माझ्या बायकोच्या वेळी दाराबाहेर उभं राहून जेवढं कानावर पडलं तेवढं. काही चुकलं असतं तर?" काकांचे डोळे भरून आले.

मला आधी हसू फुटलं. नाव कशावरून, तर वंगणाच्या डब्यावरून! आणि हसता हसता रडूच कोसळलं. नसलेल्या बाईच्या भरवशावर आईने मला जन्म दिला होता. मी मफलर काकांच्या गळ्यात गुंडाळला.

"अगं अगं, काळा होईल तो!"

"होऊ दे."

घरी आई दारातच उभी. "भेटल्या का गं? बऱ्या आहेत ना?"

"छान आहेत. मफलर लगेच गळ्यात घातला."

"आणि नावाचं काय म्हणाल्या?"

"बदलू नकोस म्हणाल्या," मी म्हटलं. "म्हणाल्या, या नावाची दुसरी कुणी नाहीच. तूच आहेस."